दोघांच्या सह्यांनी

परातीतली उकड अजून हाताला चटके देत होती, आणि तशाच पिठाळ हातांनी सकिना ओट्यावर थरथरणाऱ्या फोनकडे बघत उभी राहिली. काचेवर जे नाव उमटलं होतं, ते गेल्या तीन वर्षांत एकदाही उमटलं नव्हतं... फहाद! तिचा पाठचा भाऊ. जेद्दात राहणारा, म्हणजे ती राहत होती त्याच देशात, सौदीत; पण या तीन वर्षांत जुबैल ते जेद्दा हे अंतर तिला जुबैल ते दाभोळपेक्षाही लांबचं वाटू लागलं होतं. फोन वाजायचा थांबेल या भीतीने तिने बोटाच्या पेराने हिरवं बटण सारलं, आणि ‘फहाद?’ एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात तिचा सगळा जीव गोळा झाला होता.

पलीकडून आवाज आला तो मेहेकचा, फहादच्या बायकोचा. तिच्या स्वतःच्या फोनमधले पैसे संपले होते, आणि फहाद अंघोळीला गेला होता तेवढ्यात त्याच्या फोनवरून ती बोलत होती. दबक्या आवाजात, एका दमात, कुणीतरी दार उघडेल या धाकाने ती बोलत गेली, आणि सकिनाच्या हातावरचं पीठ सुकत गेलं.

मोबाईलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदी माणसंच बसतील, असा हुकूम आला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. फहादची दोन दुकानं होती, जुनं एक आणि नवं एक. दोन्ही त्या हुकुमात गेली. जुन्याचं फार दुःख नव्हतं; ते फिटलेलं होतं. पण नव्यात भरलेला माल उधारीचा होता, आणि त्या उधारीपोटी फहादने घाऊक व्यापाऱ्याला ऐंशी हजार रियालची सनद लिहून दिली होती. इथे वचनचिठ्ठीला सनद म्हणतात, आणि सनद न फिटली तर कोर्ट माणसाला देशाबाहेर जाऊ देत नाही. फहादचं तेच झालं होतं. कफीलने, म्हणजे त्याच्या सौदी हमीदाराने, हात झटकले, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुन्हा काढून दिला नाही. इकाम्यावाचून काम नाही. पैसे फिटल्यावाचून घरी जाणं नाही. मेहेक आणि सहा वर्षांची दुआ दोघी त्याच्या इकाम्यावर, म्हणून त्याही अडकलेल्या. वर कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा भरायची सरकारी फी साचत चाललेली. दुआचं नाव शाळेतून निघालं होतं.

“राहताही येत नाही आपा, आणि जाताही येत नाही,” मेहेक म्हणाली. “एकच दार उरलंय. घरावरचं बँकेचं खातं. तेवढं उघडलं तर आम्ही सुटतो. ते तुमच्यापुढे तोंड उघडणार नाहीत, म्हणून मी...”

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला असावा. फोन तुटला.

सकिना तशीच उभी राहिली. परातीतली उकड केव्हाच निवली होती, आणि निवलेल्या उकडीच्या भाकऱ्या थापता येत नाहीत, काठाला चिरतात, हे तिला कळत होतं. पण हात उचलत नव्हते.

ते खातं!

दाभोळच्या खाडीकाठी त्यांच्या बाबांनी, हुसेनमियाँनी, अठ्ठावीस वर्षं याच जुबैलच्या प्लांटमध्ये पाईप जोडून जांभ्या दगडाचं घर बांधलं होतं. पुढे फहादला जेद्दात धंदा टाकायचा होता, तेव्हा बाबांनी ते घर बँकेकडे तारण ठेवून तीस लाखांचं खातं उघडलं. लागेल तेव्हा, लागेल तेवढी उचल करायची, आणि जेवढी उचलली तेवढ्यावरच व्याज भरायचं. खात्यावर नावं दोन, बाबांचं आणि फहादचं. अकरा लाखांवर उचल होऊन पहिलं दुकान उभं राहिलं, चाललं, सगळं नीट होतं. मग बाबा गेले, आणि खातेदार गेला म्हणून बँकेने उचल थांबवली. वारसांनी सह्या करा, मग पुढे बघू, असं कळवलं. वारस तीन होते, अम्मा, फहाद आणि सकिना.

फहादने तेव्हा तिला हक्कसोड पत्र पाठवलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं असं गावात कुणालाच वाटलं नसतं. लग्न झालेल्या बहिणी भावासाठी हक्क सोडतात, भाऊ त्यांना ईदीला साडी देतो, माहेर उघडं राहतं... पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. शरियतने बहिणीला हिस्सा दिला आहे हे मशिदीत सगळे ऐकत, आणि घरी येऊन बहिणीपुढे सहीचा कागद ठेवत. सकिनानेही सही केली असती, डोळे मिटून केली असती! पण चिपळूणच्या इस्पितळात, नाकात नळी असताना बाबांनी तिचा हात धरून जे म्हटलं होतं ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. फहाद कष्टाळू आहे, बाबा म्हणाले होते, पण त्याला थांबणं माहीत नाही. तो दुसरं दुकान काढील. घर त्यात घालवील, आणि तुझी अम्मा म्हातारपणी कुणाच्या पडवीत जाईल? तू थांबव त्याला. आणि मी असं बोललो हे त्याला कधी कळू देऊ नकोस, बापाचा आपल्यावर भरवसा नव्हता हे कळलं तर तो मोडेल.

म्हणून सकिनाने सही केली नाही. हक्कसोडावरही नाही आणि बँकेच्या कागदावरही नाही. कारण सांगितलं नाही. जे सांगता येत नाही ते लोक आपापल्या परीने समजून घेतात. फहादने समजून घेतलं की आपाला हिस्सा हवा आहे. गावानेही तेच समजून घेतलं. फोनवरचं त्याचं शेवटचं वाक्य तिला अजून पाठ होतं. “भावाच्या पोटावर पाय देऊन उभी राहा आता.”

आणि आज मेहेकच्या तोंडून तिला एक गोष्ट नव्यानेच कळली होती. खात्यातून उचल मिळाली नाही म्हणून फहाद थांबला नव्हता. त्याने दुसरं दुकान काढलंच, फक्त बँकेच्या पैशाऐवजी सनद लिहून काढलं... म्हणजे घर वाचलं, आणि भाऊ अडकला! तिने जी सही राखून ठेवली होती, तिचाच हा फास झाला होता. या अल्ला, मी नक्की कुणाला वाचवलं?

तिने दुसऱ्या दिवशी शाळेतून, लहान वर्गांच्या मधल्या सुट्टीत, दापोलीला बँकेत फोन लावला. ती जुबैलच्या भारतीय शाळेत केजीच्या मुलांना शिकवत असे. बँकेचे मॅनेजर चंद्रशेखर तिला आवाजाने ओळखत होते. ओळखण्याचं कारण त्या दोघांनाच आणि अम्माला ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. खातं अजून जिवंत आहे, कारण व्याज एकही महिना चुकलेलं नाही. चुकलं असतं तर केव्हाच जप्तीची नोटीस लागली असती. तिन्ही वारसांची संमती आली की उचल पुन्हा सुरू करता येईल. अम्मांची सही ते घरी जाऊन घेतील. अडचण फहादची होती. त्याचा इकामा संपलेला, त्यामुळे परदेशातला खातेदार म्हणून त्याचे कागद बँकेत चालणार नव्हते.

“बाबांच्या जागी मुख्य कर्जदार म्हणून कुणीतरी उभं राहायला हवं, सकिनाताई. ज्याचे कागद चालू आहेत असं. म्हणजे तुम्हीच. पण नीट विचार करा. मग ते कर्ज तुमचं. भाऊ फेडो न फेडो, बँक तुमच्या दारात येईल.”

आणि एक अट आणखी होती. भाऊ-बहीण दोघांच्या सह्या एकाच कागदावर, भारतीय वकिलातीच्या माणसासमोर व्हायला हव्या होत्या. इकामा नसलेला फहाद जेद्दाच्या बाहेर पाऊल टाकू शकत नव्हता, पहिल्याच चेकपोस्टवर पकडला गेला असता. तिलाच जेद्दाला जायला हवं होतं.

संध्याकाळी तिचा नवरा इब्राहीम कंपनीच्या बसमधून उतरून घरी आल्यावर तिने चहा देता देता त्याला सगळं सांगितलं. तो प्लांटमध्ये परांची बांधणाऱ्या टोळीचा सुपरवायझर होता. त्याने चहा संपवला. मग बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, “माझ्या हाताखाली दोन सौदी पोरं दिलीत शिकायला. चांगली आहेत, मन लावून शिकतात. जितक्या लवकर मी त्यांना शिकवीन तितक्या लवकर मी घरी.”

“म्हणजे नको करू सही?”

“मी तसं म्हटलं का? मी म्हटलं, कर्ज घेशील तर हे धरून घे.” मग थोड्या वेळाने, बूट दाराशी नीट लावून ठेवत, तो म्हणाला की प्लांटचं शटडाऊन, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचं काम, चालू आहे, त्यामुळे त्याला रजा मिळणार नाही, तिला एकटीलाच विमानाने जावं लागेल, दम्मामच्या विमानतळावर तो सोडील. सकिनाने त्याच्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही ‘जा’ असं सरळ म्हणाला नव्हता, आणि एकदाही तिला अडवलं नव्हतं.

तिकीट काढलं त्या दिवशी तिने मेहेकला एवढंच कळवलं की मी येते आहे, फहादला सांग. उत्तर आलं नाही.

जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या फहादच्या इमारतीचा जिना सकिना चढून गेली. दार मेहेकने उघडलं. गळ्यात पडायला ती पुढे झाली आणि अर्ध्यातच थांबली, कारण मागे फहाद बसलेला होता. हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीवर टीव्हीच्या जागेचा फिकट चौकोन राहिला होता. जमिनीवर एक गादी, आणि खिडकीपाशी एक टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा, बारीक स्क्रूड्रायव्हर, उघडलेला एक फोन. दुकान गेलं होतं, हातातली कला गेली नव्हती. शेजारपाजारचे लोक चोरून फोन आणून देत, आणि तो कमाईपेक्षा अधिक भीती पोटात घेऊन ते दुरुस्त करत असे.

त्याच्या कानामागचे केस पिकले होते. छत्तीस वर्षांच्या माणसाचे!

“या आपा,” तो म्हणाला. “घर बघा. इथे वाटणी घालण्यासारखं काही उरलेलं नाही, पण बघा.”

लहानपणी तो तिला ‘अगं’ म्हणायचा, तिच्या वेणीला धरून चालायचा. आज त्याने तिला परक्या बाईसारखं ‘या’ म्हटलं. सकिनाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने दुआकडे वळून लपवलं. पोर भिंतीला टेकून तिला न्याहाळत होती. तिचं वय सांगणारी दुधाच्या दातांची खिडकी तिच्या तोंडात होती, आणि तिने हिंदीत आईला विचारलं की हीच का ती फुफू, जिच्याशी पप्पा बोलत नाहीत. मेहेकने तिला आत नेलं.

सकिनाने फार काही बोलायचं नाही असं विमानातच ठरवलं होतं. तिने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. बँकेचा संमतीचा अर्ज, आणि त्याच्याबरोबर चंद्रशेखरांनी नियमाप्रमाणे जोडलेला खात्याचा उतारा. उद्या सकाळी वकिलातीत जायचं, सह्या करायच्या, एवढंच ती म्हणाली.

फहादने अर्ज वाचला. दुसऱ्या पानावर त्याची नजर थबकली, आणि त्याचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

“बाबांच्या जागी तुमचं नाव,” तो म्हणाला. “मुख्य कर्जदार सकिना इब्राहीम. तीन वर्षं थांबलात ते ह्यासाठी होय? मी पार बुडायची वाट बघितलीत, आणि आता एका सहीत सगळं तुमचं. हुशार आहात, आपा. धंदा तुम्हीच करायला हवा होता.”

मेहेक आतल्या दारात आली होती. तिने ‘अहो’ म्हटलं. त्याने ऐकलं नाही. तो बोलत राहिला, आणि त्याचं बोलणं ओरडणं नव्हतं, त्यामुळे ते अधिक लागत होतं. दुकान बंद झालं त्या दिवसापासून आपण व्याजाचा एक रुपया भरू शकलो नाही, तो म्हणाला. ते कुणी भरलं? त्या म्हाताऱ्या अम्माने. आठ कलमांच्या आंब्यावर. आंबे विकून, नारळ विकून तिने घर राखलं. तिला पडवीत बसून पेट्या भराव्या लागल्या, आणि तुम्ही इथे पगार घेत होतात, शाळेत. तुम्ही एकदा तरी विचारलंत, अम्मा, तू कुठून भरतेस?

सकिनाच्या ओठांशी आलेलं एक वाक्य होतं, फक्त एक. आणि ते म्हटलं असतं तर हे सगळं तिथल्या तिथे थांबलं असतं. पण ते म्हणायचं नाही असं तिने अम्माकडून वचन घेतलं होतं आणि स्वतःही दिलं होतं. त्याला कळलं तर तो त्या दिवशीच ते पैसे थांबवायला लावील, घर जाईल, पण बहिणीचं घेणार नाही... हे तिला आपल्या भावाविषयी ठाऊक होतं. आणि आज, उद्याच्या सहीच्या आदल्या दुपारी, तर ते मुळीच कळायला नको होतं. तिने एवढंच म्हटलं, “तुझं खरं आहे. मी विचारायला हवं होतं.”

“बघा तरी,” फहादने तो उतारा तिच्यासमोर ओढला. “आईने काय केलं ते बघा. हे बघा, एकेक महिना...”

आणि तो स्वतःच बघू लागला.

तो कारागीर होता. बंद पडलेल्या फोनच्या पट्टीवर कुठे प्रवाह येतो आणि कुठे तुटतो हे बोटाने माग काढत जाण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. त्याचं बोट रकान्यावरून खाली सरकू लागलं. नोव्हेंबर, एकोणतीस तारीख. डिसेंबर, एकोणतीस. जानेवारी, तीस. नोव्हेंबरात कुठले आंबे? बोट थोडं थांबलं, पुन्हा सरकलं. नारळाचे असतील. मार्च, एकोणतीस. एप्रिल, एकोणतीस... मग जूनवर आलं आणि तिथेच राहिलं. जूनला अठरा तारीखच होती, आणि रक्कम दुप्पट. जुलैचा रकाना कोरा. ऑगस्टला चोवीस. सप्टेंबरपासून पुन्हा एकोणतीस, तीस, एकोणतीस.

फहादने डोळे मिटले, जणू मनातल्या मनात काही जुळवत होता. मागच्या साली रमझान ईद जूनच्या शेवटच्या आठवड्यात होती. बकरी ईद सप्टेंबरच्या एक तारखेला. या देशात ईद आली की पगार आठवडाभर आधी होतो, सगळीकडे, त्याच्या दुकानातल्या पोरांनाही तो तसाच देत असे. आणि भारतीय शाळा उन्हाळ्यासाठी बंद होतात तेव्हा मास्तरणींना सुट्टीचा पगार जूनच्या पगाराबरोबरच मिळतो...

दाभोळच्या आंब्याला सौदीतल्या पगाराची तारीख कशी ठाऊक असेल?

“आपा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओळखू येईना. “तुमच्या शाळेत पगार कितीला होतो?”

सकिनाने मान खाली घातली. “सत्तावीसला.”

“आणि ईदच्या महिन्यात?”

सकिनाने बोलायची गरजच उरली नव्हती. तिच्या मांडीवर तिचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते, आणि त्या हातांत बांगड्या नव्हत्या, काचेच्याही नव्हत्या. फहादने त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या हातांकडे पाहिलं. दरमहा दोन हजार रियालच्या पगारातून सहाशे. अम्माच्या नावाने पाठवायचे, अम्माने रिक्षा करून दापोलीला जायचं, काढायचे, भरायचे, आणि लेकाने फोनवर विचारलं की म्हणायचं, बागेतले आहेत. दीड वर्ष.

“किती दिवस?” त्याने विचारलं. “कधीपासून?”

“तुझं दुकान गेलं तेव्हापासून.”

“आणि मी तुला...” टेबलावरचा दिवा, भिंग, स्क्रूड्रायव्हर, सगळं त्याच्या डोळ्यांत विरघळलं. मोठा बाप्या माणूस, त्याने कपाळ टेबलाच्या कडेवर टेकलं आणि त्याचे खांदे हलू लागले. सकिना उठली. तिला वाटलं होतं, हा क्षण कधी आलाच तर आपल्याला हलकं वाटेल. पण तिला हलकं वाटलं नाही, कारण तिच्याकडे अजून एक ओझं होतं आणि ते आता त्याच्यापुढे ठेवायलाच हवं होतं.

“रडू नको. ऐक आधी. तेव्हा मी सही केली असती तर तू ती सनद लिहून दिली नसतीस. आज तू इथे अडकला नसतास. मला वाटलं, वाट अडवली की तू थांबशील. मला कळायला हवं होतं, तू दुसऱ्या वाटेने जाशील. ते माझं चुकलं, फहाद. पैसे भरले म्हणून ते चुकलेलं पुसलं जात नाही.”

त्याने मान वर केली. “का नाही केलीस सही? एवढं सांग. हिस्सा तुला नको होता, हे आता मला दिसतंय. मग का?”

बाबांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, नाकातली नळी, हातावरची सुजलेली शीर. कळू देऊ नकोस, तो मोडेल. आणि समोर हा बसला होता, मोडायचं तेवढं मोडून झालेला... तरीही तिने ती गोष्ट सांगितली नाही. मेलेल्या बापाचं वचन होतं म्हणून नव्हे. तिला वाटलं, याच्याजवळ आता फार थोडं उरलंय, त्यात बापाचा भरवसा तरी असू दे.

“मला भीती वाटली,” ती म्हणाली. “अम्मा कुठे जाईल, याची. बाईमाणसाची भीती. दुसरं काही नाही.”

फहाद बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याला काही समजलं की नाही हे तिला कधीच कळलं नाही. मग तो हळूच म्हणाला, “सही केली असतीस तर दुसऱ्या दुकानात घर गेलं असतं. हुकूम तर यायचाच होता. अम्मा आज रस्त्यावर असती. अडकलो तो मी एकटा अडकलो, अगं.”

अगं! मेहेकने ओढणी तोंडावर धरली. सकिना त्याच्या केसांवरून हात फिरवत उभी राहिली, त्या पांढऱ्या केसांवरून, आणि तीन वर्षं आतल्या आत साठलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. त्या दुपारी ती दोघं काय काय बोलली ते सांगण्यासारखं नाही. बहुतेक सगळं अम्माविषयीच होतं. मेहेकने डाळभात केला. दुआ जेवताना फुफूला अगदी चिकटून बसली आणि आपण गावाला जाणार का, हे तिने चार वेळा विचारलं.

सकाळी वकिलातीत रांग लांब होती. फहाद वाटेभर कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांची गाडी शोधत आला होता. आत शिरल्यावरच त्याने श्वास सोडला. खिडकीमागचा कारकून कागद चाळत होता, नाव, पासपोर्ट, नातं, एकेक विचारत होता. त्याने अर्जावर एका जागी पेन टेकवलं आणि हिंदीत म्हणाला, “ये खाना खाली है. पैसा कैसे निकलेगा? दोनों में से कोई एक, या दोनों की साइन?”

सकिनाने पटकन सांगितलं की कोणीही एक. फहादला व्यापाऱ्याचे पैसे लगेच भरायचे होते, बंदी उठवायची होती, घरी जायचं होतं. पुढे गावात त्याने काही छोटं दुकान टाकलं तर त्यालाही खातं लागणार होतं. ती जुबैलला. उगीच तिच्या सहीसाठी कागद कुठे फिरवत बसायचे? तिने हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि कारकुनाकडे वळला.

“दोनों की,” तो म्हणाला.

कारकून अनुभवी होता. अशा खात्यांचे कागद त्याच्या खिडकीतून रोज जात असावेत. त्याने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, आणि सरळ मनाने बजावलं की यात कटकट फार आहे. उद्या तुम्ही हिंदुस्तानात, या इथे. एक रुपया काढायचा तरी आधी यांना फोन करावा लागेल, सांगावं लागेल कशासाठी हवाय, यांची सही मागवावी लागेल. दर वेळी. लोक नंतर येऊन रडतात, की हे बदलून द्या.

“दर वेळी फोन करावाच लागेल?” फहादने विचारलं.

“हर बार.”

“मग तेच लिहा.”

कारकुनाने खांदे उडवले आणि खुणेचा ठिपका त्या चौकटीत टाकला. फहादने सही केली, कागद सकिनापुढे सरकवला, आणि पेन तिच्या हातात दिलं. तिला त्या क्षणी ओळ दिसत नव्हती. मागे रांगेतला कुणीतरी यल्ला, यल्ला म्हणून घाई करू लागला. फहादने आपलं बोट त्या ओळीच्या खाली टेकवून धरलं, आणि ती त्याच्या बोटाच्या वर, सावकाश, आपलं नाव लिहू लागली.